सोपानतात्यांचं पोटभर इंजिन

आधी माफी मागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांचं लिहिणं ढोबळी मिरचीच्या क्रेटवर नाव टाकण्यापुरतं, आणि आई सही शिकली ती माझ्या ॲडमिशनच्या वेळी. अशा घरातल्या, त्यातून मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलीनं एका जित्याजागत्या माणसावर लिहायला बसावं, हा मला स्वतःलाच आगाऊपणा वाटतो. तरी लिहिते. जे पाहिलं त्यानं मी इतकी हबकले होते की कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना. कमी-जास्त झालं तर पोटात घाला.

सोपानतात्या मला पहिल्यांदा नीट दिसले ते बारामतीच्या एसटी स्टँडवर, आणि दिसले तेही पाठमोरे. इंदापूरची गाडी फलाटाला लागली होती, इंजिन चालू होतं, आणि पांढरा सदरा-पायजमा, डोक्याला टोपी अशा वेशातला एक साठीतला माणूस गाडीच्या मागं ओणवा होऊन सायलेन्सरला नाक लावून उभा होता. खिशातून त्यांनी पांढराशुभ्र रुमाल काढला, सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, उजेडात पाहिला आणि घडी करून परत खिशात ठेवला. मग ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेले.

"ड्रायव्हरसाहेब, तिसऱ्या नंबरचा नोझल ठिबकतोय. डेपोत सांगा."

ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, मागच्या आठवड्यात तुमी दुसरा म्हणला व्हता."

"त्यो त्यांनी केला की नीट. ह्यो तिसरा."

गाडीत ते नेमके माझ्या शेजारी बसले. आमच्या निमगाव केतकीचेच, आमच्या रानापासून दोन बांध सोडून त्यांचं घर. पण गावात त्यांना सगळे 'धूरवाले तात्या' म्हणून हसत, त्यामुळं मी कधी बोलले नव्हते. माझ्या पुस्तकावरचं इंजिनाचं चित्र पाहून त्यांनी विचारलं, "किती पिस्टनचं हाय?"

"चार," मी म्हणाले.

"बरं. एकबी पिस्टन नसलेलं बगितलंयस का?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते गंभीर होते. उतरताना म्हणाले, "रविवारी ये. पोटभर जेवून ये, उपाशीपोटी इंजिनापाशी यायचं न्हाय."

*

सोपानतात्या म्हणजे एकेकाळचे तालुक्यातले नंबर एकचे डिझेल पंपवाले, म्हणजे इंजिनाला तेल पुरवणारा पंप दुरुस्त करणारे. ट्रॅक्टरनं काळा धूर टाकायला सुरुवात केली की लोक पंप खोलून पोत्यात घालून त्यांच्याकडं आणायचे. तात्या एक स्क्रू एवढासा फिरवायचे आणि धूर गायब. पार बारामतीपल्याडच्या पणदऱ्यापासून लोक यायचे. पण काही वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी ते काम सोडलं. का सोडलं, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट धुराचा तो शत्रू आता गावभर सांगत सुटला होता, "काळा धूर म्हंजी पाप न्हवं."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. ते 'दीड' म्हणत नसत. दुकानात "एक किलो आन् अर्धा" साखर मागत, घड्याळात "एक वाजून अर्धा तास" झालेला असे. दुकानदार मुद्दाम विचारायचा, "तात्या, म्हंजी दीड का?" तात्या नुसती पिशवी पुढं करायचे.

रविवारी मी गेले. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, दारातच विचारलं, "तू पण आलीस व्हय धूर खायला?" आणि मग आत वळून, "अवो, पाव्हणी आलीया! त्या बयेला घास भरवून झाला असंल तर या भाईर!"

बया म्हणजे इंजिन.

शेडमध्ये जपानी बनावटीची एक जुनी दोन दारांची गाडी उभी होती. चाकं काढलेली, चारी बाजूंनी ठोकळ्यांवर घेतलेली. मागच्या चाकांच्या जागी पुली, पुलीवरून पट्टे, आणि पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाला भंगारातून आणलेला एक थोरला जनरेटर. जनरेटरच्या तारा भिंतीपलीकडच्या पाण्याच्या हौदात गेल्या होत्या. मी तोंडाचा आ करून बघत राहिले.

"इंजिनाला नुसतं फिरवून काय कळत न्हाय," तात्या म्हणाले. "वझं पायजे. जनरेटर वीज करतो, वीज हौदातल्या कॉइलमधी जाती, पाणी तापतं. जेवढं वझं, तेवढं ऊन पाणी."

काकू म्हणाल्या, "त्याच पाण्यानं आमी आंघूळ करतो. पाणी कोमट असलं की समजायचं, आज बी ह्ये घाबरले."

मग त्यांनी फळीवरचा एक सुटा भाग दाखवला, आणि तेव्हा मी खरी हादरले. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर त्रिकोणासारखा एक लोखंडी गोळा, आणि तो ज्यात फिरतो ते कमरेत किंचित दबलेलं लांबट घर. त्रिकोणाच्या तीन टोकांना बोटाएवढ्या लांब पट्ट्या. त्या पट्ट्या घराच्या भिंतीला घासत फिरतात, म्हणून हवा-पेट्रोल कोंडून राहतं. तीन वर्षं मी इंजिन शिकत होते, आणि इंजिन असंही असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात अर्धं पान होतं म्हणे. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सोडलं होतं.

"ह्या पट्ट्या म्हंजी घराची अब्रू," तात्या म्हणाले. "टर्बो हवा कोंबतो. हवा लई आन् पेट्रोल कमी झालं की आत भडका नीट पेटत न्हाय, एकदम फुटतो. साध्या इंजिनाला दोनचार धक्के सोसतात. हिला न्हाय सोसत. एक धक्का, पट्टी मोडली. मोडका तुकडा भाईर जाता जाता टर्बो बी घिऊन जातो. दुसऱ्या पट्ट्या माज्याकडं न्हाईत."

हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की मी लिहिता लिहिता वहीतून पेन उचलून घेतलं.

*

त्यांचं सगळं शास्त्र भाकरीवर होतं. भिंतीवर खडूनं लिहिलेलं: 'अकरा भाकरी, एक पातेलं कोरड्यास.' भाकरी म्हणजे हवा, आणि कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, ते पेट्रोल. सायलेन्सरमध्ये बसवलेला सेन्सर मीटरवर आकडा दाखवतो: एक किलो पेट्रोलला किती किलो हवा. गाडी नुसती उभी असली तर तेरा चालतो. टर्बोनं जोर धरला की अकराच्या खाली पाहिजे.

"आकडा वर गेला म्हंजी भाकरी जास्त, कोरड्यास कमी. कोरडी भाकरी घशाला अडकती. आधी पोटभर, मग पळापळ. आधी लई घालायचं, मग जरा जरा कमी करायचं. उपाशी ठिवून वाढवायला जायाचं न्हाय."

काकू कण्या निवडत होत्या. "इंजिनाला रोज इचारत्यात पोट भरलं का. मला कवा इचारलं?"

"तुज्या पोटाला सेन्सर कुठं हाय?"

"हाय की. तोंड हाय."

इंजिन चालू करताना तात्या उजव्या मनगटाला बैलाचा कासरा बांधत. कासऱ्याचं दुसरं टोक ठिणगीच्या स्विचला. आकडा साडेअकराच्या वर गेला की एक हिसका, इंजिन बंद. ही व्यवस्था उत्तम होती, फक्त कुणी हाक मारली आणि तात्या वळले तरी इंजिन बंद पडायचं. एकदा शिंकले तेव्हाही पडलं.

हवा किती, पेट्रोल किती, हा सगळा हिशोब एका जुन्या लॅपटॉपमध्ये होता. तात्या तो दोन बोटांनी चालवत. एवढं इंग्रजी त्यांना कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाले, "गरजंनं." लॅपटॉप आणि गाडी दोन्ही त्यांच्या मुलाची, महेशची. महेश पुण्याला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता, आता ऑस्ट्रेलियात असतो. एवढंच मला ठाऊक होतं. दर रविवारी अकराला त्याचा काकूंना फोन यायचा. फोन वाजला की तात्या हौदाचं पाणी बघायला जायचे, आणि फोन संपेपर्यंत बघत राहायचे.

महेशनं बसवलेलाच हिशोब लॅपटॉपमध्ये होता, तरी आकडा मात्र दर वेळी जास्त यायचा. इंजिन उपाशी राहत होतं. तात्यांनी सायलेन्सरला गळती आहे का पाहिलं, कारण गळतीतून बाहेरची हवा शिरली तरी सेन्सर फसतो. नव्हती. सेन्सर काढून मोकळ्या हवेत धरून तपासला. ठीक होता. पेट्रोलचं प्रेशर ठीक. दोन महिने ते याच कोड्यात होते.

मी चाचरत म्हणाले, "तात्या, चुकत असेन तर सोडून द्या. पण महेशदादानं हे बसवलं तेव्हाचं पेट्रोल आणि आत्ताचं पेट्रोल एकच आहे का? आता इथेनॉल खूप मिसळतात."

दुसऱ्या दिवशी तात्या मेडिकलमधून बाळाची दुधाची बाटली घेऊन आले, मापाच्या रेघांची. दोनशेपर्यंत पेट्रोल, त्यात वीस पाणी. बूच लावून हलवली आणि ठेवून दिली. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. थोड्या वेळानं खालची पाण्याची रेघ साठावर आली होती. आम्ही दोघं त्या बाटलीकडं भूत बघितल्यासारखे बघत राहिलो.

"म्हंजी पाचवा हिस्सा उसाची दारू?"

"हो. आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीपासूनच असतो. म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं."

तात्यांनी विचार केला. "म्हंजी पाव्हणा घरनंच भाकरी बांधून आलाय, पण कोरड्यास आपलंच खाणार." मग एकदम हसत सुटले. "ऊस आमीच लावायचा, आमीच तोडून कारखान्याला घालायचा, आन् त्यो फिरून हितं यून माज्याच इंजिनाला उपाशी मारतोय!"

गावात मात्र भलतीच बातमी फिरली. शेजारीण काकूंना म्हणाली, "बाटली आणली म्हणं तात्यांनी. नातू आला का गं?" काकू एरवी कुणाला उत्तर देताना अडल्या नसत्या. त्या दिवशी आत निघून गेल्या.

*

तात्यांनी पेट्रोल वाढवलं, आकडा खाली आला. मग ते एकेक पायरी चढू लागले. टर्बोचं प्रेशर पाव किलो, मग जरा वर, मग अर्धा किलो. पण पाच हजार फेऱ्यांच्या जवळ आलं की प्रत्येक वेळी कासऱ्याला हिसका बसायचा. आकडा चांगला असला तरी.

"तात्या, आकडा बरोबर होता की!"

"खोकला आला."

चार रविवार त्यांना नेमका पाच हजारालाच खोकला आला. पाचव्या रविवारी काकू शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी हितंच हाय." त्या दिवशी इंजिन पाच हजाराच्या पुढं गेलं. दोन सेकंद. आवाज असा की पत्रे थरथरले, आणि मागून काळ्या धुराचा लोट निघून थेट काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर गेला. मीटरवर मी दहा पॉइंट सहा वाचलं.

मी आनंदानं वेडी झाले होते. आणि शहाणीही, हेच वाईट. "तात्या, दहा-सहा म्हणजे पेट्रोल जास्तच होतंय. केवढा धूर! वाया जातंय सगळं. प्रेशर थोडं उतरवलं तरी चालेल." पेट्रोलचं प्रेशर कमी-जास्त करायला इंजिनावर एक स्क्रू असतो. पाना शेजारीच पडला होता. मी तो उचलून स्क्रूच्या नटाला लावला.

"हात काढ!"

असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. पाना माझ्या हातून पडला. तात्या माझ्याकडं बघतच नव्हते, त्या स्क्रूकडं बघत होते. मग मनगटाला कासरा तसाच बांधलेला घेऊन बाहेर जायला निघाले. दोरी ताणली गेली, तेव्हा थांबून गाठ सोडली, आणि रानात निघून गेले.

मी रडायच्या बेतात होते. काकूंनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"तुजं काय चुकलं न्हाय, बाय. त्येंचंच त्येंना आटवलं."

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी, गाड्यांच्या एका शर्यतीच्या आदल्या दिवशी, महेश हीच गाडी घेऊन घरी आला होता. आईबापाला दाखवायला. आख्खी आळी जमली. त्यानं इंजिनाला जोर दिला आणि गाडीनं काळा धूर टाकला. कुणीतरी हसून म्हणालं, "सोपान पंपवाल्याच्या पोराची गाडी, आन् धूर टाकतीया!" पहाटे महेश उठायच्या आत तात्यांनी तो स्क्रू दीड फेरा उलटा फिरवला. धूर गेला.

"डिझेलचा माणूस. डिझेलला तेल कमी केलं की इंजिन गार राहतं. त्येंना काय ठावं, ह्या इंजिनाला कमी केलं की त्ये जळतं? पोराला मदत केली म्हणून खुशीत व्हते. शर्यतीला गेले, इस्त्रीचा सदरा घालून. पाच हजाराला इंजिन फुटलं, समद्यांच्या म्होरं."

"महेशदादा काय म्हणाला?"

"कायबी न्हाय. ह्येंनी सांगितलं न्हाय, त्येनं इचारलं न्हाय. गाडी हितं आणून टाकली आन् परदेशी गेला. तवापास्नं दोघांचं बोलणं बंद. ह्येंनी पंपाचं काम सोडलं, त्ये हिच्या मागं लागले. कुठनं कुठनं पट्ट्या मागिवल्या, पुस्तकं आणली. मला एकदाच सांगितलं समदं. म्हणले, ती परत पाच हजाराला नीट चालली, की मंग मी त्येला सांगीन."

मी तर तोच पाना, त्याच स्क्रूला, त्याच कारणासाठी लावला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात.

*

त्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. लॅपटॉपमध्ये प्रत्येक चाचणीची फाइल साठते: फेऱ्या, प्रेशर, आकडा. ती मी माझ्या मोबाइलवर घेतली, काकूंकडून महेशदादाचा नंबर घेतला, आणि खाली एवढंच लिहिलं: 'मी तुमच्या गावची. तात्यांनी इंजिन परत बांधलं आहे. एकदा बघाल का?' तात्यांना सांगितलं नाही.

तीन आठवडे काही उत्तर नाही. मेसेज वाचल्याची खूण मात्र पहिल्याच दिवशी आली होती. मला झोप लागेना. दोन माणसांच्या मध्ये बोलायचा मला काय अधिकार होता? तात्या मला परत येऊ देत होते, फक्त पाना आता खिशात ठेवत होते. त्या धुराच्या दिवसानंतर त्यांनी इंजिन चालू केलं नव्हतं.

गेल्या रविवारी अकराला काकूंचा फोन वाजला नाही. माझा वाजला. मेसेज होता. मी शेडच्या दारात उभी राहून तो वाचला आणि मोबाइल पाठीमागं लपवला.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

मी सगळं कबूल केलं. तात्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचलं. जसं होतं तसं लिहिते.

'फाइल रोज बघतोय. पाच हजारापर्यंत चांगलं आहे, पण शेवटच्या अर्ध्या सेकंदात अकरा-दोनवर गेलंय. तिथं तीन टक्के वाढवा. लॅपटॉपमध्ये वाढवा. स्क्रूला कुणी हात लावू नका.'

मी फक्त धूर बघितला होता. शेवटचा अर्धा सेकंद मी बघितलाच नव्हता.

"पुढं?" तात्या म्हणाले.

'तात्यांना सांग, त्या दिवशी शर्यतीआधी मला नटावर त्यांच्या पान्याची खूण दिसली होती. मीटरवर आकडाही वर दिसत होता. मला वाटलं सेन्सर बिघडला असेल. तात्यांचा हात चुकायचा नाही. नंतर मी विचारलं असतं तर त्यांना लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. मग विचारायचं राहूनच गेलं.'

तात्या भिंतीपलीकडं जाऊन हौदाचा ठिबकणारा नळ घट्ट करून आले. मग म्हणाले, "त्येला दिसलं व्हतं?"

"हो."

"मीटर सांगत व्हतं, तरी त्येनं..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मोबाइलकडं बोट करून म्हणाले, "त्येला एक इचार. माज्या नावानं लिव्ह."

मला वाटलं माफीचं काहीतरी असेल. मी बोटं तयार ठेवली.

"पोट भरलं का, इचार."

मी लिहिलं. तिकडं दुपार असेल. तात्या माझ्या हातातल्या मोबाइलकडं मीटरकडं बघावं तसं बघत होते, उजवं मनगट डाव्या हातात धरून. जणू कासरा तिथंच होता.

स्वयंपाकघरातून काकूंनी हाक दिली, "काय म्हणतोय त्यो?"

तेवढ्यात उत्तर आलं. मी मोबाइल तात्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"अवो, काय म्हणतोय?"

"मी यीस्तोवर अर्ध्या किलोच्या वर जाऊ नका, म्हणतोय," तात्या म्हणाले.

भाकरी थापायचा आवाज थांबला. "यीस्तोवर?"

"व्हय," तात्या म्हणाले. "दीड महिन्यानं."